अपवादांची आगाऊ कबुली

संस्कृत व्याकरणात उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम व अपवाद म्हणजे त्यास बाध आणणारा विशेष नियम, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. संगणकाच्या आज्ञावलीतही अपवाद असतात. नेहमीच्या मार्गाने काम पुढे जाणे अशक्य झाले, की ते उद्भवतात.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जावा या भाषेत याविषयी एक कडक नियम आहे. समजा, गुणांची फाइल वाचणारी मेथड लिहावयाची आहे. फाइल जागेवर नसेल तर? मेथडने तो अपवाद 'ट्राय' व 'कॅच' यांच्या साहाय्याने तेथेच निस्तरावा, नाहीतर आपल्या शीर्षकातच 'थ्रोज आयओएक्सेप्शन' असे लिहून त्याची आगाऊ कबुली द्यावी. यांपैकी काहीच न केल्यास कंपायलर ती आज्ञावली स्वीकारीतच नाही. कबूल केलेला अपवाद मग त्या मेथडला बोलावणाऱ्याच्या पदरी पडतो, आणि त्याच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. फाइल न सापडण्याचा अपवाद हा आयओएक्सेप्शनचाच पोटप्रकार असल्याने थोरल्याचे नाव घातले की धाकटा त्यात आलाच. पूर्णांकास शून्याने भागणे यासारखे अपवाद मात्र 'रनटाइमएक्सेप्शन'च्या कुळातील. ते बहुधा लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे व कोठेही उद्भवू शकतात, म्हणून त्यांच्या कबुलीची सक्ती नाही.

ही सक्ती सर्वांनाच रुचली असे नाही. सी-शार्प भाषेच्या रचनाकारांनी ती मुद्दाम टाळली. लोक कंटाळून 'कॅच'चा कंस रिकामाच ठेवतात, हा त्यांच्या बाजूचा एक आक्षेप. आणि तो खोटा म्हणण्यास आम्हांस तोंड नाही. पूर्वपरीक्षेच्या निकालाची आज्ञावली लिहिताना आम्हीही तेच केले होते. एका तुकडीची फाइल भलत्याच नावाने ठेवली गेली होती. अपवाद उद्भवला, पकडला गेला आणि मुकाट्याने नाहीसा झाला. नावे पटावरून घेतलेली असल्याने ती बिनचूक छापली गेली. प्रत्येकापुढे गुण मात्र शून्य! एक विद्यार्थिनी तो कागद पाहून मधल्या सुट्टीतच घरी निघून गेली. सायंकाळी तिच्या वडिलांपुढे बसून, चूक मुलीची नसून आमची आहे, हे सांगताना आमची जी अवस्था झाली ती येथे लिहवत नाही.

आता त्या मेथडच्या शीर्षकात 'थ्रोज' आहे. निकाल छापणारा भाग अपवाद पकडतो, न सापडलेल्या फाइलचे नाव पडद्यावर दाखवितो आणि एकही ओळ न छापता थांबतो.