विमानाला भोकं कशाला?

मुलांनो, विमानं फक्त मोठमोठ्या कारखान्यांतच तयार होतात असं तुम्हाला वाटतं ना? तसं नाही हं! अमेरिकेत हजारो हौशी माणसं घरच्या गॅरेजमध्ये लहान विमानं बांधतात आणि ती उडवतातही. १९५३ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन राज्यात संघटना काढली. आता दर उन्हाळ्यात ऑशकॉश या गावी त्यांची जत्राच भरते. आपल्या मुंबईतही अमोल यादव या वैमानिकाने कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं.

अशी घरगुती विमानं पुष्कळदा उघड्यावरच उभी असतात. मग पाऊस आला की? तुम्ही म्हणाल, "त्यात काय? सगळी भोकं बुजवून टाकायची!" पण तसं करून चालत नाही. विमानाला भोकं लागतातच.

पंखाखाली पुढे तोंड केलेली एक बारीक नळी असते. तिला पिटो नळी म्हणतात. तिच्यात घुसणाऱ्या हवेच्या दाबावरून विमानाचा वेग कळतो. विमानाच्या धडाच्या बाजूला छोटंसं भोक असतं. त्यावरून उंची कळते. पेट्रोलच्या टाकीलाही एक नळी असते. पेट्रोल कमी होईल तशी तिच्यातून हवा आत येते. ती नळी बंद झाली, तर इंजिनाला पेट्रोल मिळेनासं होतं.

म्हणजे हवा हवी, पण पाणी नको! त्यासाठी तीन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती चढाची. खिडकीतून घरात येणारी केबलची तार बघा. हुशार माणूस तिला बाहेर आधी खाली झोल देतो आणि मगच वर नेऊन आत घेतो. पाणी झोलावरून टपटप गळून जातं. विमानातही भोकापासून निघालेली नळी आधी वर चढवतात आणि मग यंत्राकडे नेतात. पाणी आपणहून चढ थोडंच चढणार?

दुसरी युक्ती कुंडीची. कितीही काळजी घेतली, तरी वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या फटीतून थोडं पाणी आत येतंच. म्हणून धडाच्या पोटाला, सगळ्यांत खालच्या जागी, भोकं ठेवतात. कुंडीच्या तळाला असतं ना, अगदी तस्संच! नाहीतर पाणी शेपटीत साचतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. सी-सॉच्या टोकाला बसलेलं लहान मूल जसं मधल्या मोठ्या मुलाला उचलतं, तसं शेपटीतलं थोडं पाणीही विमानाचा तोल बिघडवतं. शिवाय लाकूड कुजतं, लोखंडी नळ्या गंजतात. उंचावरच्या थंडीत पाण्याचा बर्फ होऊन सुकाणूही अडकू शकतं.

तिसरी युक्ती टोपणाची. विमान उभं असताना पिटो नळीला टोपण घालतात. उडण्यापूर्वी ते विसरू नये म्हणून त्याला लांब लाल फीत लावतात.

एवढ्याशा टोपणाचं काय एवढं, असं वाटतं ना? मग ऐका. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं एक मोठं प्रवासी विमान समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. ते विमान कित्येक दिवस टोपणाशिवाय उभं होतं. नळीत बहुधा गांधीलमाशीने घर केलं होतं आणि वेग चुकीचा दिसत होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरू देशात दुसरं विमान पडलं. त्यात ७० जण दगावले. विमान धुताना भोकांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती. एकीकडे झाकायचं राहिलं, दुसरीकडे उघडायचं!

म्हणूनच विमान बांधणारा फक्त भोक पाडून थांबत नाही. प्रत्येक उड्डाणापूर्वी तो विमानाभोवती फेरी मारतो आणि एकेक भोक डोळ्यांनी तपासतो.

येत्या पावसाळ्यात तुम्हीही आई-बाबांबरोबर घराभोवती अशी फेरी मारा. कुंडीचं भोक तुंबलंय का? तारेला झोल आहे का? मात्र विजेच्या तारेला हात लावायचा नाही, बरं का! नुसतं बघायचं आणि काय दिसलं ते वहीत लिहून ठेवायचं.