स्ट्रट बार लावला की गाडी खरंच कडक होते का?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना येणारं 'अं, म्हणजे' काढलंय, बाकी गप्पा त्याच.

सुरुवात माझ्या मावसभावापासून. तो हिंगोलीचा. यंदा हळद विकून हातात थोडे पैसे आले आणि त्याचा फोन आला. "दादा, गाडीत स्ट्रट बार टाकायलोय. सहा हजाराला बसंल. वळणावर गाडी लई झोकांड्या खायली. टाकू ना?" त्याची गाडी म्हणजे सेकंडहँड हॅचबॅक. आठवड्यातून दोनदा मावशीला घेऊन रात्री हिंगोली ते वसमत जाणं-येणं. आमच्याकडच्या काळ्या मातीवरचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होऊन बसतं.

मी म्हणलं, दोन दिवस थांब. हा एपिसोड त्या दोन दिवसांचा आहे.

आधी बार म्हणजे काय ते बघू

बोनेट उघडलं की डाव्या-उजव्या बाजूला दोन गोल उंचवटे दिसतात. पुढचे शॉकअप तिथे वरून बोल्टने बसवलेले असतात. त्यांना स्ट्रट टॉवर म्हणतात. स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी अशा गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच खांब, आणि त्याचं वरचं टोक थेट बॉडीला टेकलेलं. या दोन टॉवरना जोडणारा आडवा दांडा म्हणजे स्ट्रट बार. विकणारा सांगतो, "याने चासी कडक होते." हा दावा तपासायचा तर चासीचा कडकपणा म्हणजे काय ते समजायला हवं.

पाइपाचा प्रयोग

शेतात पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा कुठेतरी पडलेला असतोच. दोन्ही हातांनी ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा. ढिम्म हलत नाही. आता करवतीने त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उभी चीर पाडा आणि परत पिळा. चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना घासत सरकतात आणि पाइप सहज पिळला जातो. प्लास्टिक तेवढंच आहे, वजन तेवढंच आहे. गेलं ते फक्त बंद असणं. पातळ नळीचा पिळाविरुद्धचा कडकपणा चिरेमुळे शेकडो पटींनी कमी होऊ शकतो.

गाडीचंही तसंच. तळ, टप, खांब, समोरची काच हे सगळं मिळून एक बंद पेटी होते. पुढचं एक चाक खड्ड्यात गेलं की ही पेटी पिळली जाते. ती किती पिळते हे न्यूटन-मीटर प्रति अंश या मापात मोजतात. गाडीचा मागचा भाग घट्ट धरायचा, पुढचा भाग पिळायचा आणि किती अंश फिरला ते बघायचं. १९९६ साली आलेल्या लोटस एलिस या छोट्या स्पोर्ट्स कारचा आकडा साधारण १०,००० सांगतात. म्हणजे एक मीटर दांड्याच्या टोकाला जवळपास एक टन वजन लटकवलं, तर गाडी एक अंश पिळणार.

आता विचार करा. पीळ बसतो तो पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत, गाडीच्या लांबीत. बार बसतो आडवा, आणि तोही फक्त बोनेटखाली. चीर पडलेल्या पाइपाच्या एका टोकाला कडं घातल्यासारखं झालं. ते टोक गोल राहील, पण चीर आहे तिथेच आहे.

मग बार काहीच करत नाही?

करतो. खड्ड्यात चाकावर खालून जोर आला की दोन्ही टॉवर थोडे आतल्या बाजूला ढकलले जातात. ते जवळ येणं बार थेट अडवतो. वळणावर मात्र गंमत वेगळी आहे. तेव्हा दोन्ही टॉवर एकाच दिशेला, वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकलले जातात. बाहेरच्या चाकावर जास्त भार, म्हणून तो टॉवर जास्त. बार त्यातला थोडा भार दुसऱ्या टॉवरकडे देतो, पण दोघं मिळून सरकले तर तोही त्यांच्यासोबत सरकतो. म्हणूनच काही बार त्रिकोणी असतात, त्यांचा तिसरा पाय डॅशबोर्डमागच्या पत्र्याला बांधलेला असतो. त्रिकोण सहजासहजी तिरका होत नाही.

आकडा लावू. चाकाच्या खालच्या सांध्यापासून टॉवरपर्यंत ६०० मिलिमीटर धरा. टॉवर एक मिलिमीटर सरकला तर चाकाचा तिरपेपणा, म्हणजे कॅम्बर, ०.१ अंशाने बदलतो. ट्रॅकवर शर्यत लावणाऱ्याला तेवढंही हवं असतं. आपल्याला? लोअर आर्मचा फाटका बुश चाक याहून कितीतरी जास्त हलवतो.

बार घ्यायचाच असेल तर सरळ, एकसंध बघा. मध्येच बाक दिलेला बार ताण आला की त्या बाकातच लवतो.

माझीच फजिती

खोटं कशाला बोलू, पुण्यात नोकरी लागल्यावर मीही बार घेतला होता. पहिल्याच दिवशी वाटलं, वा, स्टेअरिंग कसलं टोकदार झालंय! मग आम्ही कामावर ए-बी टेस्ट करतो तशी करायचं ठरवलं. मित्राने मला न सांगता बार काढायचा किंवा ठेवायचा, बोनेट बंद, मी त्याच रस्त्याने त्याच वेगाने फेरी मारायची आणि ओळखायचं. सहा फेऱ्या, तीन बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. सहा फेऱ्यांवरून विज्ञान सिद्ध होत नाही, पण माझ्या 'वा' ची किंमत मला कळली.

उघड्या टपाच्या गाड्या

टप कापला की पेटीची चीर उघडी पडली. खराब रस्त्यावर अशा गाडीचा डॅशबोर्ड आणि काचेची चौकट थरथरते. इथे इलाज खाली करावा लागतो. दाराखालचे उंबरठे जाड आणि उंच करायचे, तळाला फुलीसारखे दांडे लावायचे, काचेची चौकट आणि सीटमागची भिंत भक्कम करायची. एलिसमध्ये बसताना पाय उंच उचलावा लागतो तो त्या जाड उंबरठ्यामुळेच. आपल्याकडे गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडी बनायची, रेनॉचं छोटं इंजिन आणि फायबरची बॉडी. फायबरच्या बॉडीकडून फार आधार धरता येत नाही, सगळी मदार खालच्या सांगाड्यावर. माझदा एमएक्स-५ च्या काही मॉडेलना कंपनीतूनच पुढे बार येतो, पण तो पुढच्या चाकांच्या नेमकेपणासाठी. टपाची भरपाई तो करत नाही.

आणि थारवाल्यांनो, तुमची गाडी बनते नाशिकला, तिची बॉडी वेगळ्या चासीवर बसते. म्हणून सॉफ्ट टॉप असला तरी मुख्य भार चासीच घेते. २०२० च्या थारला पुढे डबल विशबोन आहे, मॅकफर्सन स्ट्रट नाहीच. तेव्हा बारची चौकशी करू नका.

परत हिंगोलीला

दोन दिवसांनी भावाला म्हणलं, आधी गाडी मेकॅनिककडे वर उचलून बघ. लोअर आर्मचे दोन्ही बुश फाटलेले निघाले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. त्याचे टायर सात वर्षांचे होते, रबराला बारीक भेगा पडलेल्या. या टायरवर तो मावशीला घेऊन रात्री फिरत होता. बारचे सहा हजार बुश, अलाइनमेंट आणि दोन टायरांकडे वळले, वरून थोडे घालावे लागले. परवा मेसेज आला, "दादा, झोकांड्या बंद. आई मागं झोपली व्हती, वसमत आलं तरी जाग नाही." गाडी खुल्या रस्त्यावर कशी चालते याची याहून चांगली टेस्ट मला माहीत नाही.

आमच्याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय तर त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान फरक. तिथे कुणी 'मला वाटलं' म्हणून चालणार नाही. आपल्याला एवढं बारीक मोजायचं नाही. टायरवरचे चार आकडे वाचले, बुश बघितले, तरी पुष्कळ झालं.

तुमच्या टायरवर कोणतं साल आहे? आज संध्याकाळी बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!