हवामानाच्या अंदाजावर किती विसंबावे ?



गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आपल्या एरंडोल गट कार्यालयात सुरू उसाच्या बांधणीविषयी बैठक भरली होती. मी हवामानाचा अंदाज वाचून दाखवण्यासाठी कागद हाती घेतला, तोच मागच्या बाजूने एक वयस्क सभासद उठले. त्यांना सगळे आबा म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, तो कागद ठेवा बाजूले. रेडिओमा पानी पडस, आमना वावरमा पडत नई."

सगळी बैठक हसली. मीही हसलो. पण आबांच्या बोलण्यामागे एक जुना हिशेब होता आणि तो माझ्याच नावावर मांडलेला होता, हे त्यांना व मला दोघांनाच ठाऊक होते. तो हिशेब आज सर्वांपुढे मांडतो.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आबांच्या अडीच एकर सुरू उसाची मोठी बांधणी चालली होती. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे व त्यातले ४० टक्के नत्र मोठ्या बांधणीला द्यायचे असते. एकरी हिशेब केला तर सुमारे ४० किलो नत्र, म्हणजे युरियाच्या जवळजवळ दोन गोण्या होतात. आबांनी त्याप्रमाणे पाच गोण्या आणून ठेवल्या होत्या. सकाळी मी रेडिओवर ऐकले होते की मध्य महाराष्ट्रात येत्या चार दिवसांत तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस पडेल. मी फडावर गेलो आणि म्हणालो, "आबा, खत टाकून घ्या. विहिरीचे पाणी द्यायची घाई करू नका. पाऊस येतोच आहे, विजेचा खर्च वाचेल."

अंजनीच्या पलीकडे पाऊस झाला. अलीकडे थेंब नाही. तेरा दिवस आभाळ नुसते भरून येई आणि रिकामेच निघून जाई. बांधणी घाईची झाल्याने युरिया मातीआड नीट गेला नव्हता. काही खत हवेत उडाले आणि काही कोरड्या मातीत तसेच पडून राहिले. आबांनी शेवटी मोटर चालू केली तोवर ऊस पिवळा पडला होता. तोडणीला त्या फडाचे वजन बांधाला लागून असलेल्या फडापेक्षा कमी भरले. दोन्ही फडांची जात एक, जमीन एक, लागण एकाच आठवड्यातली. फरक काय तो माझ्या सल्ल्याचा.

त्या वेळी मी आबांना म्हणालो, "काय करणार, अंदाज चुकला." ही माझी दुसरी चूक होती. त्याविषयी पुढे लिहितो.

लोकांचा राग खोटा नाही

आपल्याकडे हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि १८८६ पासून मान्सूनचा अंदाज नियमित दिला जातो. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी रेडिओवर हवामानवार्ता देण्यास सुरुवात झाली. इतक्या वर्षांनंतरही 'हवामान खात्याने पाऊस सांगितला ना, मग छत्री घरी ठेवा' ही थट्टा गावोगाव ऐकू येते.

थट्टेला कारणेही घडली आहेत. २००२ साली देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस होईल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात ८१ टक्केच झाला आणि ऐन जुलै कोरडा गेला. २००९ साली एप्रिलचा अंदाज ९६ टक्क्यांचा होता, झाला ७८ टक्के. २०१७ च्या जुलैत तर बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. अंदाजावर भरवसा ठेवून पेरले, पाऊस आला नाही, बियाणे-खत मातीत गेले, अशी ती तक्रार. तीत कंपन्यांशी संगनमताचा आरोपही होता. तो मी येथे उचलून धरत नाही. पण दुबार पेरणीची पाळी आलेला माणूस पोलीस ठाण्याची पायरी का चढतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

त्याच २०१७ सालची दुसरी गोष्ट साखरेची आहे. म्हणून ती आपल्या अंकात शोभेल. अंदाज खरा ठरला तर हवामान खात्याच्या तोंडात बारामतीची साखर घालीन, असे शरद पवार जाहीर सभेत म्हणाले होते. पुढे पाऊस झाला आणि पुण्याच्या कार्यालयात साखर पोहोचली. सांगायचे तात्पर्य, अंदाज खरा ठरला याची बातमी होते, इतका लोकांचा विश्वास उडालेला होता.

आपण काय ऐकतो व ते काय सांगतात

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येतो. रेडिओवर 'मध्य महाराष्ट्र' म्हणतात तेव्हा त्यात किती मुलूख येतो ? नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर व सोलापूर असे दहा जिल्हे. म्हणजे महाबळेश्वरचा घाट आणि आपला गिरणाकाठ एकाच वाक्यात बसवलेले असतात.

दुसरे शब्दांचे. 'तुरळक ठिकाणी' या शब्दाचा त्या खात्यात ठरलेला अर्थ आहे. त्या भागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'अनेक ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्याही वर. याचा अर्थ असा की तुरळक पाऊस सांगितला आणि चारांपैकी तीन गावे कोरडी राहिली, तरी अंदाज बरोबरच ठरतो. त्या दिवशी मी 'तुरळक' हा शब्द गिळला आणि 'पाऊस' तेवढा आबांना सांगितला. अंदाज चुकला नव्हता, मी तो चुकीचा वाचला होता. गेल्या वर्षीच्या त्या बैठकीत हे मी उभ्याने कबूल केले.

तरीही सगळा दोष ऐकणाऱ्याचा, असे म्हणून चालणार नाही. शेतकऱ्याला दहा जिल्ह्यांचा पाऊस नको असतो, आपल्या शिवाराचा हवा असतो. आणि तेच अवघड आहे. जूनमधला गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि तास-दीड तासात विरून जातो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७४ च्या आसपास. एका शहराची ही गत, तर कासोदा व रिंगणगावचा पाऊस सारखा कसा होईल ? अंदाजाचे गणित करणारे संगणक जमिनीचे चौकोन पाडतात. पूर्वी तो चौकोन १२ किलोमीटरचा होता, मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीममध्ये तो ६ किलोमीटरचा झाला. सुधारणा मोठीच आहे, पण ६ किलोमीटरच्या चौकोनातही आपली दोन-तीन शिवारे सहज बसतात.

तिसरे मुदतीचे. उद्या-परवाचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो, पाच दिवसांचा त्याहून कमी. दोन आठवड्यांपलीकडे अमुक तारखेला अमुक गावी पाऊस, असे शास्त्राने सांगता येत नाही. आज मोजमापात राहिलेली बारीकशी चूक तोवर वाढत वाढत सगळे चित्र बदलून टाकते. त्यामुळे मोबाइलवर महिनाभराच्या तारखा देणारे निरोप फिरतात त्यांवर लागण-बांधणी ठरवू नये. एप्रिलमध्ये जो 'सरासरीइतका मान्सून' सांगितला जातो तो सबंध देशाचा व सबंध चार महिन्यांचा असतो. त्यात एरंडोलचा जून कुठेच नसतो.

आखाजीला भेंडवळची घटमांडणी होते, तिचे भाकीत ऐकायला आपल्या भागातूनही माणसे जातात. पंचांगातले मृगाचे, आर्द्राचे वाहनही आपण पाहतो. श्रद्धा तिच्या जागी असू द्या. युरियाची गोणी मात्र तिच्या भरवशावर फोडू नका.

न ऐकल्याचा तोटा

एकच बाजू सांगितली तर ते बरोबर होणार नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यासाठी नारिंगी इशारा आला होता. आपल्याच एका तरुण सभासदाने त्या दुपारी खोडव्याला युरिया फेकला. म्हणाला, "भाऊसाहेब, हे रोजचंच आहे त्यांचं." रात्रभर पाऊस झाला. सकाळी सरीतले पाणी नाल्याला लागले होते आणि त्याबरोबर खतही. त्या दिवशी अंदाज तंतोतंत खरा ठरला, पण त्याची गावात चर्चा झाली नाही. चुकलेला अंदाज वर्षानुवर्षे लक्षात राहतो, बरोबर आलेला दुसऱ्या दिवशी विसरतो.

मग करावे काय ?

आबांचा फड आणि या तरुणाचा खोडवा, दोन्ही शेजारी ठेवून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे : पाऊस सांगितला तर खत थांबवा, पाणी थांबवू नका. अंदाज खरा ठरला तर खत वाचले. खोटा ठरला तर खत दोन दिवस उशिरा पडले, एवढेच. पाण्याचे उलट आहे. पावसाच्या आशेवर पाळी चुकवली आणि पाऊस आला नाही, तर उसाची थांबलेली वाढ पुन्हा भरून येत नाही. अंदाज खरा की खोटा हे आपल्या हातात नाही, पण तो खोटा ठरला तर आपले किती जाईल याचा हिशेब आपल्या हातात आहे. प्रत्येक कामाआधी तो हिशेब करावा.

याला एक अपवाद आहे. भारी काळ्या जमिनीत नारिंगी वा लाल इशारा असेल तर एक दिवस पाणीही थांबवावे व फडाच्या खालच्या अंगाला चर मोकळे करावेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला वाचावा. मोबाइलवर 'मेघदूत' व विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' घ्यावे. ऊसतोड मजूर उघड्यावर असतात, म्हणून प्रत्येक टोळीच्या मुकादमाकडे 'दामिनी' असावे, असा माझा आग्रह आहे.

आणि पाऊस स्वतः मोजा. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा कोणताही डबा झाडांपासून दूर, उघड्यावर ठेवा. सकाळी साडेआठला मुलाच्या पट्टीने पाणी मोजा. एक सेंटिमीटर भरले तर १० मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला सुमारे ४,००० लिटर पाणी. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण उसाची सरीतली एक पाळी ८ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे ८० मिलिमीटर. तेव्हा १० मिलिमीटरच्या सरीला पाण्याची पाळी समजू नये.

हवामान खात्याकडूनही आपली अपेक्षा आहे. अंदाज दहा जिल्ह्यांच्या भाषेत न देता मंडळाच्या भाषेत द्यावा. 'शक्यता' म्हणजे दहात किती, ते सांगावे. आणि चुकला तेव्हा चुकला म्हणून जाहीर करावे. राज्यात महावेधची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळांत उभी आहेत, त्यांच्या नोंदी हाताशी असताना ही मागणी अवाजवी नाही.

पण दुसऱ्याकडे मागायचे ते आधी आपण करावे. या हंगामापासून एरंडोल गट कार्यालयाबाहेर एक फळा लावला आहे. डाव्या बाजूला अंदाज, आहे त्या शब्दांत, 'तुरळक' असेल तर तुरळक. उजव्या बाजूला गावोगावच्या डब्यांतला खरा पाऊस. माझा सल्ला कोणता होता तेही खाली लिहिले जाईल. चुकला तर तो पुसला जाणार नाही.

खानदेशातल्या किती सहकारी कारखान्यांची धुराडी थंड झाली, ते आपण पाहिले आहे. सभासदाचा आपल्या माणसांच्या शब्दावरचा विश्वास गेला, तर पुढच्या वर्षी त्या वावरात ऊस दिसत नाही, हे मी वीस वर्षांच्या नोकरीत शिकलो आहे.

आबांनी बैठकीनंतर एवढेच विचारले, "डबा कोन्ता ठेवू, तेलना चाली का ?" चालेल, आबा. वरचे तोंड सारखे कापून घ्या व आतून धुऊन ठेवा. ज्या सभासदांना आपल्या शिवाराची नोंद द्यायची असेल त्यांनी रोज सकाळी नऊपर्यंत गट कार्यालयात कळवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, एरंडोल गट