उपनिधि आणि बेवारस पोथ्या

जुन्या घराण्यांचीं दप्तरें व पोथ्यांचे गठ्ठे “तूर्त आपणांकडे असूं द्यावे” एवढ्याच बोलीवर परक्याच्या स्वाधीन होतात. पुढें ठेवणारा मागावयास येत नाहीं, आणि कांहीं वर्षांनीं सांभाळणाऱ्यास ती वस्तु आपलीच वाटूं लागते. संग्राहकांस हा प्रसंग नित्याचा असल्यामुळें शास्त्र व कायदा काय म्हणतात तें पाहणें अगत्याचें आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत यासाठीं स्वतंत्र प्रकरण आहे. आंत काय आहे हें न सांगतां बंद करून हवालीं केलेलें द्रव्य तें उपनिधि. मोजून दिलेला तो निक्षेप, असा भेद मिताक्षरेंत केला आहे. उपनिधीच्या लक्षणांतील मूळ शब्द ‘वासन’ असा असून आपल्या ‘बासना’शीं त्याचें साम्य लक्षांत घेण्याजोगें आहे. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळें ठेव गेल्यास दोष नाहीं. परंतु मागूनही न दिलेली ठेव नंतर नष्ट झाल्यास ती भरून देऊन तितकाच दंडही द्यावा लागे. स्वेच्छेनें उपभोग घेतल्यासही दंड असून ती वाढीसह परत करावी लागे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचा रोख हाच आहे. साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घ्यावी, असें कलम १५१ सांगतें. वेळेवर परत न केल्यास त्यापुढील नुकसानीची जबाबदारी कलम १६१ सांभाळणाऱ्यावर टाकतें. कोल्हापुरांत २०१९ व २०२१ सालीं पंचगंगेस महापूर आले. पूर हें दैव खरें. पण पाणी चढतांना स्वतःचें सामान माडीवर नेऊन परक्याचें बासन तळमजल्यावर ठेवणाऱ्यास दैवाकडे बोट दाखवितां येणार नाहीं.

केवळ काळ लोटल्यानें ठेव आपली होते काय? मनु व याज्ञवल्क्य दोघेही निक्षेप-उपनिधींस भोगानें स्वामित्व जाण्याच्या नियमांतून वगळतात. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यांतही ठेवीच्या दाव्याची तीन वर्षें मागणी नाकारल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे धनी गप्प राहिला तोंवर मुदत सुरूच होत नाहीं. शिवाय अज्ञात धन्याचें द्रव्य मनूच्या मतें तीन वर्षांनंतर राजाकडे जातें, सांभाळणाऱ्याकडे नव्हे.

ठेवणारा वारल्यावर आपण होऊन वारसास ठेव देणाऱ्यास कोणी त्रास देऊं नये, असें मनु सांगतो. यास्तव गठ्ठा घेतांनाच तारीख, ठेवणाऱ्याचें नांव, पत्ता व पत्रसंख्या लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या. धनी न आल्यास वारसांस लेखी कळवावें. विद्वानांस दाखविणें वा नक्कल करूं देणें तेंही परवानगीनेंच व्हावें. अशी नोंद नसलेली पोथी संग्रहांत असली, तरी ती संग्राहकाची झाली असें म्हणतां येत नाहीं.