आमिष जगलं पाहिजे

मागच्या जुलैत आम्ही दोघं अमेरिकेला आपाकडे गेलो होतो. जॉर्जिया राज्यात अटलांटा शहराच्या उत्तरेला तिचं घर आहे आणि घरापासून पंधरा मिनिटांवर लेक लॅनियर नावाचा मोठा तलाव. तलाव म्हणायचं, पण आहे ते धरणाचं पाणी. चॅटाहूची नदीवर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी ब्युफर्ड धरण बांधलं, 1956 साली पाणी अडवलं, आणि सुमारे 15 हजार हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. अटलांटा शहर पितं ते पाणी याच नदीचं.

भाचा चौदा वर्षांचा. आम्ही पोहोचलो त्याच रात्री म्हणाला, "मामू, तुम्ही खाडीकाठचे ना? मग मला स्ट्रायपर पकडून द्या."

आम्ही हसून हो म्हटलं. खाडीत जिवंत कोळंबी गळाला लावून जिताडा धरलेली माणसं आमच्या घरात होती, आम्हीही लहानपणी त्यांच्या होडीत बसलो होतो. मासा तो मासा, त्यात काय एवढं, असं वाटलं. हा गर्व दोन दिवसांत उतरला.

स्ट्रायपर म्हणजे स्ट्रायप्ड बास. रुपेरी अंग आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा. हा मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा मासा. राहतो समुद्रात, अंडी घालायला वसंतात नदीत चढतो. तो गोड्या पाण्याच्या तलावात कसा आला, याची गोष्ट शेजारच्या साउथ कॅरोलिना राज्यात घडली. तिथे सँटी आणि कूपर या नद्यांवर धरणं झाली आणि 1941 च्या सुमारास पाणी भरू लागलं. नदीत चढलेले मासे वरच्या बाजूला अडकले. समुद्राविना हा मासा टिकणार नाही असंच तेव्हा धरून चालले होते. पण तो टिकला, वाढला, आणि तलावाला मिळणाऱ्या वाहत्या नद्यांत अंडीही घालू लागला. पुढे तिथल्याच मत्स्यबीज केंद्रात माद्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी काढण्याची रीत बसली आणि पिल्लं ठिकठिकाणच्या धरणांत सोडली जाऊ लागली.

लॅनियरमध्ये मात्र त्याची पैदास होत नाही. या माशाचं अंडं पाण्यात अर्धवट तरंगतं, आणि फुटेपर्यंत जवळजवळ दोन दिवस त्याला वाहतं पाणी लागतं. प्रवाह थांबला की अंडं तळाच्या गाळात बसून गुदमरतं. म्हणून इथे दरवर्षी सरकार पिल्लं सोडतं, आणि तलावातला प्रत्येक स्ट्रायपर माणसाने आणून टाकलेला आहे.

या माशाला जिवंत आमिष लागतं, आणि तलावावर त्यासाठी ब्लूबॅक हेरिंग चालते. बोटभर ते वीतभर लांबीची, निळ्या पाठीची चांदीसारखी मासळी. दिसायला आपल्या तारलीची बहीण. दुल्हाभाईंनी दुकानातून तीन डझन आणल्या. आम्ही घरचा मोठा चौकोनी बर्फाचा डबा घेतला, नळाचं पाणी भरलं, वरून छोटा हवेचा पंप लावला. तासाभरात छत्तीसच्या छत्तीस उताण्या! भाचा काही बोलला नाही, डब्याकडे बघत राहिला. आपाने मात्र विचारलं, "खाडीकाठचे ना तुम्ही?"

त्या संध्याकाळी शेजारचे एक म्हातारे गृहस्थ कुंपणापाशी आले. आयुष्यभर मालाचा ट्रक चालवून निवृत्त झालेले. मुलं त्यांना अदबीने 'सर' म्हणतात, आम्ही आपसात ट्रकवाले चाचा म्हणू लागलो. त्यांनी डबा पाहिला, एक मेलेली हेरिंग उचलून तिचं लाल झालेलं नाक दाखवलं आणि म्हणाले, "कोपरे."

ही मासळी क्षणभरही थांबत नाही, तिला सतत पोहायचं असतं. चौकोनी डब्यात ती कोपऱ्यात शिरते, मागच्या तिच्यावर चढतात, नाकं भिंतीवर आपटून रक्ताळतात. म्हणून आमिषाची टाकी गोल हवी, म्हणजे सगळी एका दिशेने फिरत राहते. आमची दुसरी चूक नळाचं पाणी. त्यातलं क्लोरीन आपल्याला कळत नाही, माशाचे कल्ले जाळतं. तिसरी चूक उष्णता. पाणी गरम झालं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि नेमका तेव्हाच मासळीला तो जास्त लागतो. चाचांच्या टाकीला जाड आवरण होतं, पाणी फिरवणारा पंप होता, घाण अडवणारी गाळणी होती. पाण्यात ते मीठ घालत, कारण हाताळणीने खवलं गळून खरचटलेली मासळी मिठाच्या पाण्यात सावरते. बाटलीत गोठवलेला बर्फही सोडत, पण बेताने. एकदम गार केलं तरी मरते. हे सगळं दाखवून झाल्यावर ते म्हणाले, "मोठा मासा कुणीही धरेल. छोटा जगवता आला पाहिजे."

शनिवारी त्यांनी आम्हा सर्वांना आपल्या होडीवर बोलावलं. परवाने आदल्या रात्रीच काढले होते. जॉर्जियात सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला परवाना लागतो. फजर आटोपून निघालो. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पूर्वेला जेमतेम तांबडं फुटलं होतं. टाकीत चार डझन हेरिंग गोल फिरत होत्या.

उन्हाळ्यात तिथलं वरचं पाणी आपल्या विहिरीच्या पाण्याहूनही कोमट होतं, 29-30 अंशांपर्यंत जातं. मोठा स्ट्रायपर थंड पाण्याचा, तो खाली जातो. पण फार खालीही जाता येत नाही, कारण तळाच्या पाण्यातला प्राणवायू उन्हाळा सरता सरता संपत येतो. वर उष्मा, खाली कोंडमारा, आणि मधल्या पट्ट्यात मासा. चार्ल्स कूटंट नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1985 साली ही अडचण नीट मांडली होती. कुठल्या तलावात मोठे स्ट्रायपर उन्हाळ्यात का मरतात, हे त्यावरून उलगडतं.

चाचांच्या होडीवर पाण्यात आवाज सोडून खालचं चित्र दाखवणारं यंत्र होतं. पडद्यावर कमानी दिसल्या. भाच्याला उड्या मारायच्या होत्या, चाचांनी ओठांवर बोट ठेवलं. साठ फुटांवर कमानी, म्हणून आमिष पन्नासवर. हा मासा वर बघून हल्ला करतो, त्याच्या खाली सोडलेलं आमिष फुकट जातं. दोरीला पन्नास-साठ ग्रॅमचं शिसं, त्याखाली पुरुषभर न दिसणारी बारीक दोरी, आणि टोकाला गोल वाकलेला गळ. ओल्या हाताने हेरिंग पकडायची, नाकपुड्यांतून गळ घालायचा आणि गरम थर ओलांडून झरकन खाली सोडायची. रेंगाळली तर वाटेतच मरते. खाली पोहोचली तरी पंधरा-वीस मिनिटांनी बदलावी लागते.

इथे भाचीने विचारलं. ती नऊ वर्षांची. "सर, त्याला दुखत नाही का?"

चाचा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "दुखत असेल, पोरी. म्हणून मी टाकीत एकही वाया घालवत नाही." एवढंच. आम्हालाही त्याहून बरं उत्तर सुचलं नाही, आणि तिला ते पुरेसं वाटलं की नाही तेही कळलं नाही. ती टाकीपाशी जाऊन बसली ती परत येईपर्यंत.

पहिली काठी वाकली तेव्हा आमचा हात सवयीने हिसका द्यायला गेला. चाचा ओरडले, "नको!" गोल गळाचं हेच आहे. मासा आमिष घेऊन वळतो तेव्हा गळ सरकत जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप रुततो. हिसका दिला तर तोंडातून निसटतो. काठी खाचेतच राहू द्यायची, तिचं टोक पाण्याला टेकेपर्यंत थांबायचं, मग गुंडाळायला लागायचं. अडीच-तीन किलोचा मासा आला. पाठोपाठ दुल्हाभाईंच्या काठीवर दुसरा.

तिसरा भाच्याचा. हात थरथरत होते, पण त्याने कुणाला काठी दिली नाही. मासा जाळीत आला तेव्हा सगळ्यांत मोठा निघाला, सहा किलोंच्या पुढचा. फोटो झाला. आणि मग त्या मुलाने आपल्या शाळेत शिकल्याप्रमाणे, मोठ्या मनाने, मासा दोन्ही हातांत धरून पाण्यात सोडून दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

चाचांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते मागच्या पाण्याकडे बघत राहिले. दहा मिनिटं गेली असतील. होडीच्या मागे चाळीस-पन्नास हातांवर एक पांढरं पोट वर आलं.

साठ फूट खालच्या थंड पाण्यातून ओढून आणलेला, झुंजून दमलेला मासा वरच्या कढत पाण्यात सावरत नाही. आतली हवेची पिशवी फुगलेली असते, खाली जाऊ म्हटलं तरी जाता येत नाही. थंडीत सोडलेला स्ट्रायपर बहुधा जगतो. जुलै-ऑगस्टमध्ये खोलातून काढलेले पुष्कळसे मरतात, मग हात कितीही हळुवार असोत.

चाचांनी होडी वळवली, मासा जाळीने उचलला आणि बर्फात ठेवला. मग एकामागून एक सगळ्या दोऱ्या गुंडाळू लागले. घड्याळात आठही वाजले नव्हते. पडद्यावर कमानीच कमानी होत्या. भाच्याला रडू आवरेना. "कायद्याने अजून कितीतरी चालतात," तो म्हणाला. ते खरं होतं. तिथे माणशी दिवसाला पंधरा चालतात, त्यात 22 इंचांवरचे दोन.

"घरात किती माणसं?" चाचांनी विचारलं.

"सात."

"तीन मासे पुरतात. चौथा धरलास तर ठेवावा लागेल. ठेवणार नसशील तर मारावा लागेल. सोडण्यासाठी धरायचं असेल तर जानेवारीत ये."

आम्हा मोठ्यांनाही ते लगेच पटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. एवढ्या लांबून आलो, होडी मासळीच्या डोक्यावर उभी, आणि परत फिरायचं? पण होडी त्यांची होती.

उरलेल्या हेरिंग त्यांनी तलावात टाकल्या नाहीत. ही मासळीही इथली मूळची नव्हे, आणि राज्यात कित्येक पाण्यांवर ती आमिष म्हणून वापरायलाच बंदी आहे. एका बादलीतून ती नव्या तलावात शिरली की तिथल्या जुन्या माशांची पिल्लं खाते. टाकी तशीच घरी नेली, पुढच्या फेरीसाठी. भाचीने वाटेत मोजल्या. एकोणतीस, सगळ्या पोहत होत्या.

धक्क्यावरच चाचांनी कल्ल्याखाली काप देऊन माशांचं रक्त काढलं होतं. स्ट्रायपरच्या बाजूला कातडीखाली गडद लाल मांसाची पट्टी असते, ती तासून टाकायची, नाहीतर उग्र वास राहतो. पुढचं काम आमच्या घरचं. जाड पांढऱ्या तुकड्यांना आलं-लसूण, हळद, घरून नेलेला लाल मसाला आणि कोकमाचं आगळ लावून आपाने रव्यात घोळवून तळले. परदेशातल्या आपल्या घरांना मासळी अशीही सोयीची, जबिहाचं दुकान शोधत हिंडावं लागत नाही. एक ताट झाकून भाचीने कुंपणापलीकडे नेलं.

भाचा जेवला, पण बोलला नाही. रविवारी सकाळी तो दिसेना म्हणून आम्ही मागच्या दाराने पाहिलं. तो चाचांच्या अंगणात टाकीपाशी उभा होता, एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात पाण्याचा नळ, आणि चाचा त्याला नळ बंद करायला सांगत होते.