मत्स्यसूचना आणि सागरी संपत्तीचे जतन

हैदराबाद शहरापासून समुद्रकिनारा शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि, समुद्रात मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, याची सूचना देशाच्या किनारपट्टीवरील मच्छीमारांना याच शहरातून दिली जाते. १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र हे कार्य करीत आहे.

सूचना कशी तयार होते?

पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती हा सागरी जीवांच्या अन्नाचा मूलाधार होय. त्यांच्यातील हरितद्रव्यामुळे पाण्याचा रंग पालटतो. हा रंग आणि पृष्ठभागाचे तापमान उपग्रह टिपतात. उष्ण व थंड पाणी जेथे एकमेकांस भिडते आणि हरितद्रव्यही विपुल असते, तेथे भक्ष्याच्या शोधात माशांचे थवे जमण्याचा संभव असतो. अशा क्षेत्राची दिशा, किनाऱ्यापासूनचे अंतर व पाण्याची खोली मराठीसह किनारी प्रदेशांच्या भाषांतून कळविली जाते. त्यामुळे तांडेलाची निष्फळ भटकंती टळून डिझेल व वेळ यांची बचत होते.

मर्यादा का हवी?

मासळी कोठे आहे हे कळणे आणि ती किती धरावी हे ठरविणे, या दोन भिन्न बाबी आहेत. बारीक आसाची जाळी घेऊन अनेक नौका एकाच जागी पोहोचल्या, तर आज उपकारक ठरलेली सूचनाच उद्याची मासळी संपुष्टात आणील. म्हणूनच माहितीला नियमांची जोड आवश्यक आहे.

महाराष्ट्रात १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमानुसार जाळी व मासेमारीच्या पद्धती यांवर निर्बंध घालता येतात. बहुतेक माशांचा प्रजननकाळ लक्षात घेऊन पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद ठेवली जाते. २०२३ साली शासनाने पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, तसेच ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान निश्चित केले. एकदाही अंडी न घातलेले पिल्लू बाजारात गेले, तर त्याची पुढील सारी पैदास बुडते. पालघर जिल्ह्यातील सातपाटीसारख्या, पापलेटवर भिस्त असलेल्या गावांचा चरितार्थच या नियमाशी निगडित आहे.

सहकारी संस्थांनी दैनंदिन सूचना फलकावर लावावी व तिच्या शेजारीच किमान आकारमानाचा तक्ता ठेवावा. किनारी शाळांतील शिक्षकांनी दोहोंचा अर्थ विद्यार्थ्यांना समजावून द्यावा. उपग्रह समुद्राचा रंग दाखवू शकतो; लहान मासा पाण्यात राहू देण्याचा निर्णय मात्र नौकेवरील माणसालाच घ्यावयाचा आहे.