विश्लेषण : फळांच्या बिअरमधला गोडवा जातो कुठे?

उन्हाळी सुट्टीत पुण्या-मुंबईला घरी आलेली तरुण मंडळी मित्रांबरोबर मायक्रोब्रुअरीत गेली, की हमखास आंब्याची बिअर मागवून पाहतात. पहिल्याच घोटाला अनेकांचा अपेक्षाभंग होतो. वास हापूसचा, पण चव गोड नाही. असे का?

साखरेचे काय होते?

बार्लीला मोड आणून, ती वाळवून माल्ट तयार करतात. माल्टमधून उतरलेल्या साखरेचे यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. बिअर आंबत असताना फळाचा गर घातला, तर यीस्ट त्यातली साखरही फस्त करते. मागे उरतो गंध, रंग आणि आंबटपणा.

हा प्रकार नवा आहे का?

नाही. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या परिसरात ‘लँबिक’ बिअरमध्ये आंबट चेरी मुरवून ‘क्रीक’ बनवण्याची जुनी परंपरा आहे. पुण्यात ‘डूलॅली’ ही मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये सुरू झाली.

ही बिअर सौम्य असते का?

फळाचा स्वाद म्हणजे कमी अल्कोहोल नव्हे. ‘फ्रूट बिअर’ या नावाने दुकानात मिळणारे अल्कोहोलविरहित पेय वेगळे. पाच टक्के अल्कोहोल असलेल्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये १६.५ मिलिलिटर अल्कोहोल असते, मग स्वाद आंब्याचा असो वा नसो. वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. त्यामुळे फळाच्या नावाआधी अल्कोहोलची टक्केवारी वाचावी आणि घरी परतताना गाडीची किल्ली न पिणाऱ्याकडे द्यावी.